मातीचे तीन नमुने, सीझियमवर तिघांचा आकडा जवळपास एकच, रीडिंग चुकलं काय?

कन्हानकाठचा

नमस्कार मंडळी, मी नागपुरात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या सेमला आहे, प्रोजेक्ट घेतलाय मातीतून गॅमा किरण किती अडतात यावर. तीन नमुने आहेत. एक काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतली काळी माती (मामाचीच बाग आहे), दुसरी पवनीजवळच्या धानाच्या बांधीतली लालसर-पिवळी माती जिला तिकडे सिहार म्हणतात, आणि तिसरी कन्हानची वाळू. तिन्ही २ मिमीच्या चाळणीतून काढली, ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला २४ तास वाळवली, मग ५ सेंमी जाडीच्या अ‍ॅक्रिलिकच्या डब्यात ठोकून भरली, डबा भरून वजन केलं आणि रिकाम्या डब्याचं वजा केलं. डिटेक्टर सोडियम आयोडाइडचा.

सीझियम-१३७ लावून ६६२ केईव्ही (किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला मास अटेन्युएशन कोएफिशंट, म्हणजे दर ग्रॅममागे माती किरण किती अडवते तो आकडा, आला तो असा: काळी माती ०.०७६८, सिहार ०.०७७३, वाळू ०.०७८१ चौरस सेंमी प्रति ग्रॅम. म्हणजे रंग वेगळा, पोत वेगळा, गाव वेगळं, आणि आकडा सारखाच. आमचे सर म्हणाले तुझा प्रोजेक्ट रासायनिक घटकांचा परिणाम यावर आहे आणि तुझ्या रीडिंगमध्ये परिणामच दिसून नाही राहिला, पुन्हा घे. मी तीनदा घेतलं, तेच येऊन राहिलं.

मग अमेरिशियम-२४१ चा छोटा सोर्स मिळाला, ५९.५ केईव्ही. त्यावर मात्र फरक आला: काळी ०.३००, सिहार ०.२६८, वाळू ०.२४५. पण इथे दुसरीच अडचण. काळ्या मातीचा माती परीक्षणाचा रिपोर्ट मामाकडे होता, त्यात सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के, मुक्त चुना ७ टक्के, लोह ६.२ पीपीएम (दहा लाख भागात ६.२ भाग), जस्त, तांबं वगैरे सगळं होतं, ते घेतलं, उरलेलं सगळं सिलिका धरलं आणि एक्सकॉममध्ये (घटकांवरून हा कोएफिशंट काढून देणारा प्रोग्राम) टाकलं तर उत्तर आलं ०.२६. मोजलेलं ०.३०. इतका फरक कुठून आला?

दोन प्रश्न आहेत. ६६२ ला तिन्ही सारखे येणं ही माझी चूक आहे का? आणि ६० ला हिशोब आणि मोजणी जुळत का नाही? मार्चमध्ये सबमिशन आहे, कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

गॅमाताई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे तुझा जीव शांत होईल. ६६२ ला तिन्ही सारखे आले ही चूक नाही, तसंच यायला हवं.

बघ, गॅमा किरण मातीत अडतो तो मुख्यतः दोन रस्त्यांनी. एक कॉम्प्टन, म्हणजे फोटॉन इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा देतो आणि वाकड्या दिशेने निघून जातो. दुसरा फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे अणू त्या फोटॉनला अख्खा गिळतो. ६६२ केईव्हीला मातीसारख्या हलक्या पदार्थात जवळजवळ सगळं काम कॉम्प्टनचं असतं, आणि कॉम्प्टनला फक्त इलेक्ट्रॉन मोजता येतात, ते कुणाचे आहेत याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आता एका ग्रॅममध्ये इलेक्ट्रॉन किती, हे ठरतं अणुक्रमांक भागिले अणुभार यावर, आणि ते ऑक्सिजनला ०.५००, सिलिकॉनला ०.४९८, कॅल्शियमला ०.४९९, अ‍ॅल्युमिनियमला ०.४८२, लोखंडाला ०.४६६. सगळे अर्ध्याच्या आसपास. म्हणून ६६२ ला सिलिका ०.०७७ आणि शुद्ध लोखंडसुद्धा ०.०७३, आणि तुझ्या मातीत लोखंड आहेच किती, तर काळ्या मातीचा आणि वाळूचा खरा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास यायला पाहिजे, जास्त नाही.

आता तुझी मोजणी त्या अर्ध्या टक्क्याला पकडू शकते का ते बघू. ५ सेंमी डबा, चाळलेली काळी माती म्हणजे घनता १.२ धरते, तर ६ ग्रॅम प्रति चौरस सेंमी झाले, त्याला ०.०७७ ने गुणलं की ०.४६. म्हणजे ६३ टक्के किरण सरळ पार. तू २०,००० काउंट घेतले असशील तर पार झालेले १२,६०० च्या आसपास, आणि नुसत्या काउंटिंगच्या हेलकाव्याने तुझ्या कोएफिशंटमध्ये अडीच टक्के इकडेतिकडे होणार. तुझे तिन्ही आकडे त्या अडीच टक्क्यांच्या आतच आहेत. म्हणजे ०.०७६८ आणि ०.०७८१ यात फरक आहे असं तू लिहूच नको, आणि वाळू जास्त अडवते असा अर्थ तर अजिबात काढू नको. ६६२ साठी डबा लांब कर. जाडी गुणिले घनता गुणिले कोएफिशंट २ च्या आसपास असेल तेव्हा मोजणी सगळ्यात बारीक येते, सीझियमला त्यासाठी २० सेंमीच्या वर माती लागेल. अमेरिशियमला मात्र तुझा ५ सेंमीचा डबा अगदी योग्य आहे, १.८ च्या जवळ येतो.

६० केईव्हीची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे फोटोइलेक्ट्रिक जागा होतो आणि तो अणुक्रमांकाला भयंकर ओळखतो, दर अणूमागे जवळपास चौथ्या घाताने वाढतो आणि ऊर्जा वाढली की तिसऱ्या घाताने पडतो. ६० केईव्हीचे आकडे सांगते, चौरस सेंमी प्रति ग्रॅममध्ये: ऑक्सिजन ०.१९१, अ‍ॅल्युमिनियम ०.२७८, सिलिकॉन ०.३२१, कॅल्शियम ०.६५८, टायटॅनियम ०.७७, आणि लोखंड १.२०५. ऑक्साइडमध्ये बांधून हिशोब केला तर सिलिका ०.२५, अ‍ॅल्युमिना ०.२४, चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट ०.३८, फेरिक ऑक्साइड ०.९०. आता समज एखाद्या मातीत फेरिक ऑक्साइड ९ टक्के आहे, तर नऊ टक्के वजन आणि अडवण्यात वाटा ०.०८१, एकूण ०.३२ पैकी. वजनात अकरावा हिस्सा, अडवण्यात चौथा. ६० ला तुझा प्रयोग मुख्यतः लोह आणि त्याच्यामागे चुना मोजतो, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून सरांना सांग की ६६२ वर परिणाम नाही दिसला हाच निष्कर्ष आहे, तो लपवायचा नाही. जास्त ऊर्जेला मातीचं वजन बघायचं, कमी ऊर्जेला मातीची रसायनं. हे दोन्ही एकाच डब्यावर दाखवलं तर प्रोजेक्ट चांगला उभा राहतो.

हिशोब का जुळत नाही याबद्दल मला तुझ्या रिपोर्टचा संशय येतोय, ते लोह ६.२ पीपीएम वाचून मी थांबलेच. पण त्यावर मातीवाल्या माणसाने बोलावं.

मोरांड

बोलतो ना ताई, माझी सगळी नोकरी माती परीक्षणातच गेली.

भाऊ, तू जो रिपोर्ट घेतला तो पिकासाठी असतो. त्यातलं लोह म्हणजे डीटीपीए नावाच्या द्रावणात थोडी माती हलवून जेवढं सुटून आलं तेवढंच, म्हणजे झाडाच्या मुळाला जे मिळू शकतं ते. आमच्या कामात ४.५ पीपीएमच्या खाली गेलं की लोहाची कमतरता म्हणतात, तुझ्या मामाची माती त्याच्या वर आहे म्हणून रिपोर्टवर पुरेसं लिहिलं असेल. पण मातीत एकूण लोह किती याचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नाही. काळ्या मातीत फेरिक ऑक्साइड सहज ८-९-१० टक्के असतं, म्हणजे नुसतं लोह धरलं तरी साठ हजार पीपीएमच्या घरात, आणि तू हिशोबात सहा टाकले. दहा हजार पट कमी. संत्र्याचं पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात ते याच मातीत, लोह पोत्याने आहे पण चुन्यामुळे मुळाला भेटत नाही. मुळाला भेटो न भेटो, तुझ्या फोटॉनला ते सगळं भेटतं.

त्या रिपोर्टमधलं कामाचं एकच, मुक्त चुना ७ टक्के. ते कॅल्शियम कार्बोनेट धरून ठेव. बाकीसाठी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक मोजायची चाचणी) करून घे, त्यात सिलिका, अ‍ॅल्युमिना, फेरिक ऑक्साइड, चुना (इथे कॅल्शियम ऑक्साइड म्हणून), मॅग्नेशिया, टायटॅनिया, पोटॅश असं ऑक्साइडमध्ये मिळेल. आणि एक लक्षात ठेव, एक्सआरएफला हायड्रोजन कार्बन दिसत नाही, म्हणून हजार डिग्रीला जाळून वजन किती घटलं ते वेगळं काढायला सांग. काळ्या मातीत ते १०-१३ टक्क्यांपर्यंत जातं, चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड, चिकणमातीच्या थरांत बांधलेलं पाणी आणि थोडा सेंद्रिय भाग. ते सोडून दिलं आणि बेरीज जबरदस्तीने १०० केली की लोहाचा वाटा खोटाच फुगतो.

आता रंगाची गोष्ट, कारण इथे बरेच पोरं फसतात. लाल माती म्हणजे लोह जास्त असं सगळ्यांना वाटतं. आपल्याकडे उलटं निघतं. नागपूर शहरच बघ ना, सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हे सगळं ट्रॅपचं, म्हणजे बेसॉल्ट, तिथून पश्चिमेला काटोल कळमेश्वर सगळीकडे तोच काळा दगड, आणि पूर्वेला भंडाऱ्याकडे निघाला की ग्नाइस हा जुना पट्टेदार दगड सुरू होतो. बेसॉल्टमध्येच फेरिक ऑक्साइडच्या हिशोबाने लोह १२-१५ टक्के असतं, टायटॅनियमही २-३ टक्के, त्याचीच कुजून झालेली ही काळी माती. ग्नाइसमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार जास्त, लोह कमी, पण जे आहे ते हेमॅटाइटचा, म्हणजे लाल लोह ऑक्साइडचा, पातळ लेप होऊन दाण्यावर बसतं म्हणून माती लाल दिसते. काळ्या मातीतलं लोह चिकणमातीच्या चौकटीत आणि मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या खनिजाच्या दाण्यांत लपलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही.

घरी करून पाह्य. स्पीकरमधलं लोहचुंबक घे, त्याला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळ आणि वाळलेल्या काळ्या मातीत दोनतीनदा फिरव. पिशवीला बारीक काळी मिश्यांसारखी रांग चिकटून येते. पिशवी उलटी केली की सगळं एका कागदावर पडतं. हेच सिहार मातीत करून बघ, फरक हाताला कळतो.

आणि अजून एक. १०५ ला वाळवली हे चांगलं केलंस, पण बाहेर काढून किती वेळ ठेवली? पावसाळ्यात घेतली असशील तर काळी माती हवेतलंच पाणी ओढून घेते, स्मेक्टाइट ही फुगणारी चिकणमाती आहे तिच्यात, उघडी राहिली तर तासाभरात वजन वाढतं. गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (ओलावा न लागू देणाऱ्या बंद बरणीत) टाक, थंड झाली की लगेच डबा भर आणि झाकण सील कर.

कन्हानकाठचा

बाप्पा, सहा पीपीएम आणि साठ हजार पीपीएम. मोरांड काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी हे थिसिसमध्ये छापून दिलं असतं.

तीन आठवडे लागले, एका ओळखीच्या लॅबमधून एक्सआरएफ करून घेतलं आणि जाळून वजन घट पण काढली. काळी मातीः सिलिका ५२, अ‍ॅल्युमिना १४, फेरिक ऑक्साइड ९, चुना ५, टायटॅनिया दीड, मॅग्नेशिया अडीच, घट १३ टक्के. सिहार: सिलिका ७२, अ‍ॅल्युमिना १२, फेरिक ऑक्साइड साडेचार, चुना १, घट ६. म्हणजे खरंच लाल मातीत लोह काळीच्या निम्मं निघालं. चुंबकाचा प्रयोग पण केला, काळीत चिकटून आलं, सिहारमध्ये नावापुरतं.

एक्सकॉममध्ये टाकलं तर ५९.५ ला काळी ०.३२२, सिहार ०.२८४, वाळू ०.२६०. क्रम जुळला, फरकही जुळले, पण माझी मोजणी तिन्हीत सहा-सात टक्के कमीच आहे (०.३००, ०.२६८, ०.२४५). एकात कमी असतं तर समजलं असतं, तिन्हीत एकसारखं कमी काऊन येत असेल? ६६२ ला मात्र तसं काही नाही.

गॅमाताई

तिन्हीत एकाच बाजूला आणि सारख्याच प्रमाणात घसरलं म्हणजे माती दोषी नाही, मांडणी दोषी आहे. तुझा कॉलिमेटर, म्हणजे किरणांची बारीक रेघ पाडणारं भोक, कसा आहे? मला वाटतं सोर्सच्या पुढे शिशाचं भोक आहे आणि डिटेक्टरचं तोंड सगळं उघडं आहे.

होतं काय ते सांगते. फोटॉन मातीत धडकून थोडासा वळला आणि तरी डिटेक्टरमध्ये येऊन पडला, तर तू त्याला पार झालेला समजतोस, म्हणजे माती कमी अडवते असं दिसतं. ६६२ ला हे आपोआप गाळलं जातं, कारण तिथे फोटॉन ९० अंशात वळला की त्याची ऊर्जा २८८ वर येते, ३० अंशात वळला तरी ५६४, पीकच्या (मूळ ऊर्जेच्या उंचवट्याच्या) बाहेर पडतो, तू पीकभोवती खिडकी लावली, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेचे फोटॉन मोजायचे ठरवले, की तो मोजलाच जात नाही. ६० ला तसं नाही. ५९.५ केईव्हीचा फोटॉन ९० अंशात वळूनही ५३.३ राहतो, अगदी उलटा फिरून आला तरी ४८.३. सोडियम आयोडाइडला ५३ आणि ५९ वेगळे दिसतच नाहीत, दोघांचा मिळून एकच जाड उंचवटा. खिडकी कितीही अरुंद केलीस तरी वळलेले फोटॉन आत येणारच. त्याला इलाज एकच, दोन्ही बाजूंना अरुंद भोक, सोर्सलाही आणि डिटेक्टरलाही, आणि डबा दोन्हीच्या बरोबर मध्ये, डिटेक्टरला चिकटून नाही. ६० केईव्हीला शिसं फार लागत नाही, तिथे शिशाचा आकडाच ५ आहे, दोन मिमीची पट्टी पुरते. ३ मिमीचं भोक पाडून डिटेक्टरसमोर लाव. काउंट कमी होतील, रात्रभर लावून ठेव.

आणि हे करताना मातीऐवजी आधी एखादी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मोज. तिचा आकडा माहिती आहे, ०.२८ च्या आसपास. तो बरोबर आला की मगच मातीचा डबा ठेव. प्रोजेक्टमध्ये हे एक पान नक्की टाक, परीक्षक पहिलं तेच विचारतात.

मुरूमवाला

मी फिजिक्सवाला नाही, रस्त्याच्या कामावर मटेरियलचं बघतो, पण हा धागा वाचून मला एक जुनी गोष्ट उलगडली म्हणून लिहून राहिलो.

एका साइटवर आमच्याकडे न्यूक्लियर गेज होतं, किरणांनी भरावाची घनता आणि ओलावा मोजायचं यंत्र, त्यात सीझियम पण असतो आणि ओलाव्यासाठी अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन सोर्स पण. भरावात मुरूम होता, काळ्या दगडाचा, आणि गेज वरच्यावर ठेवून म्हणजे बॅकस्कॅटर मोडमध्ये घेतलं की कॉम्पॅक्शन म्हणजे भरावाची दाबणी ९८ टक्के दाखवायचं, रोलरवाला खुश, मी खुश. सल्लागाराच्या माणसाने सँड रिप्लेसमेंट (खड्डा खोदून त्यात किती वाळू मावते त्यावरून घनता काढायची रीत) केलं तर ९३. आम्ही भांडलो, म्हणालो तुमचा खड्डा नीट नाही खोदला. दुसऱ्या दिवशी गेजची दांडी १५ सेंमी खाली घालून डायरेक्ट ट्रान्समिशनमध्ये घेतलं तर ९४ आलं. त्यावेळी काही कळलं नव्हतं. आता ताईंचं वाचून वाटते की तो मुरूम लोहाचा होता म्हणून असं झालं असेल का?

गॅमाताई

अगदी तेच असणार मुरूमवाले दादा. बॅकस्कॅटरमध्ये डिटेक्टरला जे फोटॉन मिळतात ते सगळे एकदा नाहीतर अनेकदा धडकून आलेले, म्हणजे ऊर्जा घटून शेदोनशे केईव्हीवर आणि त्याखाली आलेले, आणि तिथे लोह त्यांना गिळायला बसलेलंच असतं. काउंट कमी पडले की गेज समजतं माती घट्ट आहे. डायरेक्टमध्ये बरेचसे फोटॉन मोठ्या ऊर्जेनेच येतात म्हणून ती चूक खूपच लहान होते. काळ्या दगडाच्या मुरमावर गेज वापरायचं तर त्याच मटेरियलवर आधी कोअर कटर नाहीतर सँड रिप्लेसमेंटने दहाबारा ठिकाणी ताडून मगच विश्वास ठेवायचा. रस्ता त्या आकड्यावर उभा राहतो, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

ओलाव्याचं पण तसंच. न्यूट्रॉन हायड्रोजन मोजतो, पाणी मोजत नाही. चिकणमातीच्या चौकटीत पक्का बसलेला हायड्रोजन पण तो पाणी म्हणूनच दाखवतो, त्यामुळे काळ्या मातीत ओलावा खरा असतो त्याहून जास्त दिसतो.

मोरांड

यात आमचा एक जुना त्रास सांगतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, उन्हाळ्यात तर बागेत हात मनगटापर्यंत जातो त्या भेगेत. म्हणजे पाणी बदललं की घनता पण बदलते. मग एका सोर्सने मोजलं तर काय बदललं ते कसं कळणार, पाणी वाढलं की माती दाबली गेली?

गॅमाताई

एका सोर्सने नाही कळणार काका. त्यासाठी दोन्ही एकाच वेळी लावतात, अमेरिशियम आणि सीझियम, एकाच रेषेत. पाण्याचा आकडा ६० ला ०.२०६, ६६२ ला ०.०८६, म्हणजे अडीच पट. काटोलच्या मातीचा ०.३२२ आणि ०.०७७, म्हणजे चार पटीच्या वर. पट वेगळी आहे म्हणून दोन समीकरणं दोन अज्ञात, माती किती ग्रॅम आणि पाणी किती ग्रॅम ते वेगवेगळं सुटतं. एक बघा, ६६२ ला पाणी मातीपेक्षा जास्त अडवतं, ग्रॅमला ग्रॅम. हायड्रोजनमध्ये एका ग्रॅमला जवळपास दुप्पट इलेक्ट्रॉन असतात, ०.९९, म्हणून. पण ही पद्धत वाळूच्या आकड्यावर चालवली आणि काळी माती मोजली तर सगळं कोसळतं. नुसत्या अमेरिशियमवर ०.२६ धरून ०.३२ ची कोरडी माती मोजली तरी १.२ घनतेची माती १.४८ दिसेल. त्या त्या शेताच्या मातीचा आकडा वाळवून आधी मोजावाच लागतो.

फुटाळ्याचा

थोडं वेगळं, पण जवळचंच. तलावाच्या गाळाचं वय काढायला शिसं-२१० मोजतात, त्याचं अर्धायुष्य साधारण २२ वर्षं आणि त्याचा गॅमा ४६.५ केईव्हीचा, अमेरिशियमपेक्षाही खाली. गाळ काळ्या मातीचा असेल तर गाळ स्वतःच स्वतःचे किरण गिळतो आणि वर्षं चुकतात. आम्ही नमुन्याच्या वरती शिसं-२१० चा सोर्स ठेवून आधी किती पार जातंय ते मोजतो आणि त्यावरून दुरुस्ती करतो, कटशॉल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दिलेली रीत आहे. कन्हानकाठच्या भावा, तुझा अमेरिशियमचा डबा बघून तेच आठवलं. पुढे काम करायचं असेल तर हा विषय घे.

कन्हानकाठचा

उशीर झाला, परीक्षा चालू होती. ताई, तुमचा अंदाज बरोबर होता, डिटेक्टरचं तोंड उघडंच होतं. तीन मिमीच्या भोकाची शिशाची पट्टी लावली, डबा दोघांच्या मध्ये आणला, आधी अ‍ॅल्युमिनियम मोजलं तर ०.२८१ आलं, मग चार रात्री लावून ठेवलं. काळी ०.३१८, सिहार ०.२८१, वाळू ०.२५८. हिशोब आणि मोजणी दीड टक्क्याच्या आत.

२२ सेंमीचा नवा डबा पीव्हीसी पाइप कापून केला, टोकाला अ‍ॅक्रिलिकची चकती चिकटवली, सीझियमवर दोन लाख काउंट घेतले. काळी ०.०७७१, सिहार ०.०७७०, वाळू ०.०७७२. सर स्वतः येऊन बसले होते शेवटच्या रीडिंगला, दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, सीझियमचा तक्ता पहिल्या प्रकरणात घे.

मामाला फोन केला होता, सांगितलं की बागेच्या मातीत सहा टक्के लोखंड आहे. मामा म्हणाला, मग पानं का पिवळी पडतात. मोरांड काका, चुन्याचं त्याला मी माझ्या परीने समजावलं, पण फवारणी कधी आणि कशाची करायची ते तुम्ही सांगाल का? मृग बहाराची तयारी चालू आहे.

मोरांड

सांगतो. पानांचा फोटो टाक आधी, कोवळी पानं पिवळी की जुनी ते बघू दे.